आमचं आडवं झाड

झाडानं वरच वाढलं पाहिजे असा नियम कुठेही लिहिलेला नाही. हे मी अंदाजानं म्हणत नाही. झोपलेलं मूल कडेवर घेऊन, तीन खिडक्यांवर उभी राहून विचारून आले आहे. तिसऱ्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "असा नियम नाही, कारण तशी वेळ आजवर आमच्यावर कुणी आणली नव्हती." हे वाक्य मी माझा गौरव समजते. गेल्या तीन वर्षांत मला गौरवाची फारशी सवय राहिलेली नाही, त्यामुळे जे मिळेल ते मी घेते.

तर आमचं झाड आडवं वाढतं. वाकलेलं नाही, कललेलं नाही. कुंडीतून चार बोटं वर येतं आणि मग, गॅस चालू राहिल्याचं आठवलेल्या माणसासारखं, वळून जमिनीला समांतर निघतं. जात सूचिपर्णी. म्हणजे सुईसारख्या पानांची, शाळेच्या पुस्तकात बर्फाच्या डोंगराशेजारी त्रिकोण काढून दाखवतात ती. सरळपणाबद्दल जगात नावाजलेली जात. जहाजांच्या डोलकाठ्या, तारांचे खांब, छपरांचे वासे, सगळे यांच्याच घराण्यातले. आणि त्या घराण्यात हे एक आमच्या वाट्याला आलं.

सुरुवात नवऱ्याच्या कचेरीच्या आवारात झाली. तो डबा विसरला होता आणि मी घरीच असते, त्यामुळे डबा पोचवायचं काम ओघानं माझ्याकडे आलं. ("तू घरीच असतेस ना" हे वाक्य ज्यानं शोधलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. लांब रजेवर असलेल्या बाईचं घर म्हणजे टपालपेटी आहे असं लोकांना का वाटतं, ते विचारायचं आहे.) आवारात एक मोठं सूचिपर्णी झाड आहे, मजल्यामजल्यानं फांद्या असलेलं. इतकं सरळ की गवंड्यांनी ओळंब्याऐवजी वापरावं. त्या दिवशी माळी खालच्या फांद्या छाटत होता, कारण त्या साहेबांच्या गाडीवर टेकत होत्या. माझी मुलगी भिंगरी तेव्हा पावणेदोन वर्षांची. तिनं एका फांदीला मिठी मारली आणि सोडेना. माळी म्हणाला, "न्या ताई. नाहीतरी फेकायचीच आहे."

ती फांदी दोन रात्री आमच्या अंथरुणात झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी झोपल्यावर मी फांदीचं टोक वीतभर कापलं आणि कुंडीत खोचलं. फेकवेना, एवढंच कारण होतं. पण खोचल्यावर वाटलं, उगवलं तर बरं. त्या दिवसांत मी हाती घेतलेली एकही गोष्ट पुरी होत नव्हती. चहा निम्मा, केस निम्मे विंचरलेले, धुणं बादलीत. वाक्यसुद्धा निम्मं राहायचं आणि पुढचं निम्मं भिंगरी रडून पुरं करायची. माझ्या हातून एक तरी काम मुळापर्यंत जावं अशी इच्छा होती. अक्षरशः मुळापर्यंत.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, फांदी लावून गुलाब येतो, जास्वंद येते. हे असलं नाही यायचं."

नवरा म्हणाला, "ती फांदी मेलेली आहे. फक्त तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."

यात तथ्य होतं. या जातीची फांदी कापून ठेवली तरी महिनोन्‌महिने हिरवीच दिसते. चेहऱ्यावर काही दाखवत नाही. मी तिच्यावर लोणच्याची रिकामी बरणी उपडी घातली आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं की बरणीला हात लावणाऱ्याशी मी बोलणार नाही. सातव्या महिन्यात टोकाला पोपटी रंगाचा नवा फुटवा आला. कुंडी हलवून बघितली तर फांदीनं माती धरलेली. मी स्वयंपाकघरात उभी राहून दोन मिनिटं रडले. सासूबाईंना वाटलं, माहेरून काही निरोप आला.

त्यानंतर ते वाढायला लागलं. आडवं.

पहिले दोन महिने मी म्हटलं, लहान आहे अजून. मूल वर्षाचं होऊन चालत नसलं की सगळे असंच म्हणतात, त्यामुळे वाक्य तयारच होतं. मग म्हटलं, उजेडाकडे जात असेल. कुंडी फिरवली. त्यानं उजेडाकडे पाठ करून त्याच दिशेनं जाणं चालू ठेवलं. गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्या, म्हणून कुंडी दाराबाहेर जिन्याच्या मार्गिकेत ठेवलेली. तिथे सकाळचं ऊन येतं. डावीकडे विजेच्या मीटरांचं कपाट, उजवीकडे समोरच्यांचं दार. त्यामुळे झाडाचं तोंड मार्गिकेकडेच करावं लागलं. दर महिन्याला ते बोटभर पुढे सरके, वाट विचारायला हात पुढे केल्यासारखं.

आणि मग सल्ले सुरू झाले.

समोर राहणारे काका निवृत्त आरेखक आहेत आणि इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा सरळ काढल्यामुळे वाकडं काही दिसलं की त्यांना शारीरिक त्रास होतो. आमच्या दारावरची पाटी त्यांनी आजवर चार वेळा न विचारता सरळ केली आहे. ते पाणसळ घेऊन आले, म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. ती झाडावर ठेवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सूनबाई, बुडबुडा मधोमध आहे."

"म्हणजे चांगलं ना?"

"फळी असती तर उत्तम म्हटलं असतं."

काकूंचा सल्ला असा, की झाडाशी बोलत जावं, प्रेमानं बोललं की झाडं ऐकतात. मला वेळ नाही हे बघून त्या स्वतःच बोलायला लागल्या. रोज दुपारी दाराबाहेर स्टूल टाकून. त्यांच्या जावेबद्दल त्या झाडानं जेवढं ऐकलं आहे तेवढं मी ऐकलं असतं तर मीसुद्धा आडवी झाले असते.

सासूबाईंचा मार्ग औषधोपचाराचा. त्यांनी जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या, मच्छरदाणीची काठी घेतली आणि झाडाला काठीशी घट्ट बांधलं. "नवऱ्याचा तुझ्या पाय लहानपणी थोडा आत वळायचा. असाच सरळ केला मी." (नवऱ्याचा पाय अजून थोडा आत वळतो. हे मी बोलले नाही.) झाड अपघात विभागातून घरी सोडल्यासारखं दिसायला लागलं. पार्सल द्यायला आलेला माणूस हळू आवाजात म्हणाला, "काय झालं हो याला?" मी म्हटलं, "काही नाही, विश्रांती सांगितली आहे." दोन महिन्यांनी पट्ट्या सोडल्या. झाड क्षणभर तसंच उभं राहिलं आणि मग संध्याकाळपर्यंत, सावकाश, कुणाचंही मन न दुखावता, आपल्या जागी जाऊन पडलं.

आता नवरा. तो इंजिनियर आहे, त्यामुळे घरात काही बिघडलं की तो आधी चहा मागतो. चहा घेऊन, कुंडीभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "आपण सगळे झाड सरळ करतोय. चूक तिथेच आहे. कुंडी आडवी कर."

तीन वर्षं रात्री पुरती झोप न झालेल्या बाईला कुठलीही कल्पना पटू शकते. आम्ही कुंडीच्या तोंडावर जाळी बांधली, कुंडी कुशीवर निजवली आणि दोन विटांमध्ये अडकवली. झाड उभं राहिलं. एकदम ताठ. शेजारी बोलावले, फोटो काढले, काकांनी पाणसळ लावून मान डोलावली. पंधरा दिवस आमच्या घरात नवऱ्याच्या शब्दाला किंमत होती. सोळाव्या दिवशी टोकाला नवा पोपटी फुटवा आला आणि तो काटकोनात वळून पुन्हा जमिनीला समांतर निघाला.

कुंडी सरळ केली. आता झाड आधी आडवं जायचं आणि मग कोपरात वळून खाली. जुन्या पद्धतीच्या नळासारखं. सासूबाई म्हणाल्या, "बादली ठेव खाली." महिनाभरात तेही टोक पुन्हा आडवं झालं आणि मध्ये एक पायरी तेवढी कायमची राहिली.

शेवटी मी भिंगरीला घेऊन कचेरीच्या आवारातल्या माळ्याकडे गेले. सुरुवातीलाच जायला हवं होतं, पण घरात इतके तज्ज्ञ असताना माळ्याला कोण विचारतं. त्यानं मोबाइलवरचा फोटो बघितला आणि तंबाखू मळता मळता थांबला.

"ताई, तुम्ही बाजूची फांदी लावलीत."

"हो. तुम्हीच दिलीत."

"मी फेकायला दिली होती. या जातीचं झाड करायचं तर शेंड्याचा तुकडा लागतो. शेंड्याला वर जायचं माहीत असतं. बाजूच्या फांदीला बाजूला जायचं माहीत असतं. तिला मुळं आली काय आणि वेगळी कुंडी मिळाली काय, ती स्वतःला फांदीच समजते."

"किती दिवस?"

"कायम."

"काहीच करता येणार नाही?"

"करायचं काय आहे? आजारी कुठे आहे ती?"

परत येताना आम्हाला बसमध्ये खिडकी मिळाली. भिंगरी खिडकीबाहेरच्या सगळ्या खांबांना नमस्कार करत होती. मला एकीकडे लाज वाटत होती, कारण चूक शंभर टक्के माझी निघाली. आणि दुसरीकडे राग येत होता. वर्षभर आम्ही त्या जिवाला बांधलं, वळवलं, कुशीवर निजवलं, जावेच्या गोष्टी ऐकवल्या, आणि ते बिचारं पहिल्या दिवसापासून आपलं काम बिनचूक करत होतं. बसमधून उतरायच्या आत माझं ठरलं. यापुढे झाडाला कुणी हात लावायचा नाही.

नेमकं दुसऱ्याच दिवशी सकाळी काकांची दुधाची पिशवी झाडाच्या टोकाला अडकून फुटली. दूध मार्गिकेतून जिन्यावर, जिन्यावरून खालच्या मजल्यावर, आणि तिथून खालच्या बिऱ्हाडाच्या पायपुसण्यात गेलं. दुपारी नोटीस आली.

नोटीस देखणी होती. काकांनी झाड तीन बाजूंनी काढलं होतं, वरून, समोरून आणि मधोमध छेद घेऊन. झाडाचं इतकं चांगलं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं, आणि ते ज्या पेन्सिलीनं काढलं ती लाकडाची, ज्या कागदावर काढलं तो लगद्याचा. दोन्हींत या झाडाचे जातभाई कामी आले असणार हे काकांच्या गावीही नव्हतं. खाली लिहिलं होतं : नियम सातनुसार सामायिक जागेतील कोणतीही वस्तू भिंतीपासून एक फुटापेक्षा जास्त पुढे येता कामा नये. आपली वस्तू अडीच फूट पुढे आली आहे. पंधरा दिवसांत ती हलवावी, अन्यथा समिती तिची विल्हेवाट लावील.

नियम सातमध्ये उंचीला मर्यादा नव्हती. म्हणजे हेच झाड उभं असतं आणि छत फोडून वरच्यांच्या बैठकीत शिरलं असतं तरी समितीची हरकत नव्हती.

मी जाऊन काकांना म्हटलं, "इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे जमिनीत लावते."

"लाव की, बाळा. फक्त सामायिक जमिनीत झाड लावायचं तर उद्यान खात्याची नोंद लागते. नियम अकरा."

"नियम किती आहेत एकूण?"

"सध्या तेवीस," काका नम्रपणे म्हणाले. बहुतेक सगळे त्यांनीच लिहिले होते.

उद्यान खात्याच्या कचेरीत एकही झाड नाही. एक मनीप्लांट आहे, त्याला पाणी कुणी घालायचं यावर वाद चालू असावा असा त्याचा चेहरा होता. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. तिथल्या कारकुनांनी फॉर्म पुढे ओढला.

"झाडाची उंची?"

"नऊ इंच."

"तीन फुटांखाली नोंद होत नाही."

"वळणं धरून लांबी तीन फूट आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लांबीचा रकाना वेलींसाठी असतो, मॅडम."

"मग वेलीत लिहा."

"कशावर चढते?"

"कशावरच नाही."

"मग वेल नाही." त्यांनी पान उलटलं. "फुलं कोणत्या महिन्यात येतात?"

"येत नाहीत."

"नाही येत म्हणजे, अजून आली नाहीत?"

"या जातीला फूल नसतंच. शंकू येतात, त्यात उघडं बी असतं. जगात पहिलं फूल उमललं त्याच्या कितीतरी आधीपासून ही झाडं आहेत."

"आधी म्हणजे किती?"

"पंधरा कोटी वर्षं तरी."

कारकुनांनी माझ्याकडे, मग कडेवरच्या झोपलेल्या भिंगरीकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पन्नास वर्षांच्या वरचं झाड असेल तर ते जुन्या झाडांच्या विभागात जातं. तिथे वयाचा दाखला लागतो."

"झाड दीड वर्षाचं आहे. जात जुनी आहे."

"मग आता एकच राहतं. शोभेचं झाड." त्यांना मनापासून मदत करायची होती. "फोटो आहे?"

मी फोटो दाखवला. त्यांनी तो आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला. मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "शोभेचं असं मी लिहू शकणार नाही."

माझ्याबद्दल लोक बरंच काही बोलतात आणि मी ऐकून घेते. माझा स्वयंपाक, माझा अवतार, मुलीला टोपी न घालणं. पण हे मला लागलं. मी म्हटलं, "तुम्ही जे नाही लिहू शकत ते लिहून द्या." आणि त्यांनी दिलं, शिक्क्यासकट : 'सदर वनस्पती झाड, झुडूप, वेल व शोभेची यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही.' तो कागद मी फ्रेम करणार आहे.

पंधरातले नऊ दिवस संपले होते. नवरा म्हणाला, "अगं, आपण कचेरीतून शेंड्याचा तुकडा आणू. अगदी हेच झाड, फक्त सरळ. भिंगरीला फरक कळणारसुद्धा नाही."

फरक कळतो की नाही ते मला दोन दिवसांनी बालवाडीत समजलं. मुलांनी काढलेली झाडं भिंतीवर लावली होती. सगळी त्रिकोणी, सगळी हिरवी, सगळी उभी. या गावात बर्फ नाही, असली झाडं दोन-तीन, पण मुलांच्या चित्रात झाड म्हणजे तेच. त्या रांगेत भिंगरीचंही होतं, तितकंच उभं. चित्रासमोर भिंगरी मान पूर्ण खांद्यावर टाकून उभी होती. मी जवळ गेले. झाड उभं होतं, पण झाडाशेजारचे आई, बाबा, आजी आणि मांजर सगळे भिंतीला पाठ लावल्यासारखे आडवे तरंगत होते.

बाई हसून म्हणाल्या, "तिनं कागद आडवा धरला होता. मी नीट लावला."

"तिनं नीटच धरला होता."

"अहो, पण झाड आडवं झालं असतं."

"आमचं आडवंच आहे."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता भिंगरीच्या वहीत घरच्या परिस्थितीबद्दल काहीतरी लिहिलं जाणार. मी चारही टाचण्या काढल्या, कागद फिरवला आणि पुन्हा लावला. भिंगरीची मान जागेवर आली. माझ्या कुर्त्याचं टोक धरून तिनं फक्त एकेकाला बोट लावलं. आई. बाबा. आजी. माऊ. आणि झाडाला बोट लावून म्हणाली, "हे निजून खेळतं."

रविवारी सकाळी, पंधराव्या दिवशी, समितीची बैठक आमच्या मार्गिकेतच भरली. खालची-वरची मिळून अकरा माणसं जिन्यावर उभी. काकांनी नियम सात वाचला, टेप लावून दाखवला. "अडीच फूट आणि वर पाऊण इंच. पंधरा दिवसांत वाढ पाऊण इंच," असंही त्यांनी नोंदवलं, आणि त्यात मला थोडं कौतुक ऐकू आलं.

नवरा म्हणाला, "आम्ही अजून एकदा बांधून बघतो."

"नाही बांधायचं," मी म्हटलं. मला भाषण येत नाही. हात कुठे ठेवावे कळत नाही, पण भिंगरी कडेवर होती, त्यामुळे हातांचा प्रश्न नव्हता. "ते चुकलेलं नाही. ती फांदी आहे आणि फांदीचं काम बाजूला जायचं असतं. तुम्ही सगळ्यांनी वर्षभर तिला शेंडा व्हायला सांगितलंत, मीही सांगितलं. तिनं कुणाचं ऐकलं नाही आणि वाढायचीही थांबली नाही. मला तर हे जमलं नसतं. आपल्या घरातली खिडक्यांची चौकट, काडेपेटीतली काडी, फरशी पुसायच्या औषधाचा वास, काकांची पेन्सिल, हे सगळं या झाडांनी दिलंय, आणि ते देताना प्रत्येक वेळी ती सरळ होती म्हणून कापली गेली. हे एक सरळ नाही. याचा खांब होणार नाही, वासा होणार नाही. तरी ते आहे. चूक माझी आहे, शिक्षा मला करा."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी डोळे पुसले, पण त्यांना सर्दीही असते.

काका म्हणाले, "सूनबाई, बोललीस छान. पण फूट अडीचच राहतात."

मतं घेतली. विल्हेवाटीच्या बाजूनं नऊ हात, विरुद्ध माझा एक. नवऱ्याला मत नव्हतं, कारण एका घराला एकच. भिंगरीनं दोन्ही हात दोन्ही वेळा वर केले. काका हात मोजत होते, त्यामुळे त्यांच्या घराचं मत काकूंकडे होतं. काकूंनी कुठेच हात वर केला नाही, झाडाकडे बघत राहिल्या. त्या झाडाइतकं त्यांचं कुणी ऐकून घेतलेलं नसावं.

मी भिंगरीला खाली ठेवलं आणि कुंडी उचलली. "मग ते आत येईल."

"आत कुठे?" नवरा म्हणाला. प्रश्न रास्त होता. आमच्या बैठकीत उजेड फक्त खिडकीपाशी येतो, आणि खिडकीपाशी सोफा आहे. सासूबाईंचा सोफा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः निवडलेला, आजही प्लॅस्टिकचं आवरण असलेला. त्यावर डाव्या टोकाला त्या बसतात आणि उजव्या टोकाला कुणी बसलेलं त्यांना आवडत नाही. मी कुंडी घेऊन दारात उभी राहिले. ओली कुंडी जड असते.

सासूबाई आतून आल्या. आधी झाडाकडे बघितलं, मग जिन्यावरच्या अकरा माणसांकडे.

"सोफा बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

"आई?" नवरा म्हणाला.

"मला बसायला खुर्ची आहे. माझ्या घरात कोण कसं राहील, हे जिन्यात उभं राहून कुणी मतं घेऊन ठरवायचं नाही. उचल. तुझा पाय मध्ये घेऊ नकोस, अडखळशील."

विल्हेवाटीला हात वर केलेल्यांपैकीच चौघांनी सोफा उचलायला हात लावला. तो दारातून बाहेर आला, जिन्याच्या वळणावर अडकला, परत आला आणि मार्गिकेत टेकला. काकांनी सवयीनं टेप लावली. पावणेतीन फूट. लगेच नोटीस लिहायची म्हणून ते त्यावर बसले. प्लॅस्टिक करकरलं. काकूंनी तिथेच चहा आणून दिला आणि उजव्या टोकाला बसल्या. नोटीस अजून आलेली नाही. संध्याकाळी दोघं तिथे बसलेली असतात आणि नियम सातचा मसुदा नव्यानं चालू आहे असं सांगतात.

झाड आता खिडकीपाशी लोखंडी घोड्यावर, म्हणजे उंच तिवईवर आहे, कारण खाली ठेवलं की भिंगरी त्यावर बाहुल्या निजवते. घोडा चार फूट उंच, झाड तिथून थेट दाराच्या दिशेनं. ऊन मानवल्यामुळे त्यानं यंदा चांगलाच जोर धरला. परवा नवऱ्याची आत्या आली, माझी रजा किती राहिली ते विचारायला. तिला दारातून कंबरेत वाकून यावं लागलं, सगळ्यांनाच यावं लागतं. वाकलेल्या अवस्थेतच, चपला काढता काढता, मान वर करून तिनं विचारलं, "अगं, हे सरळ कधी होणार?"

"नाही होणार, आत्या," मी म्हटलं. "तुम्ही आणखी दोन पावलं तशाच या. पुढे डोकं लागत नाही."

तिच्या शेजारून, झाडाच्या खालून, भिंगरी हातात ग्लास घेऊन ताठ मानेनं चालत गेली आणि तिनं आत्याला पाणी दिलं.